ग्वाल्हेरची थंडी, कोहरा आणि दोन-तीन महिने उभी राहणारी बाईक: घरच्या घरी काय करायचं

यूट्यूबवर बाईकचं विंटर स्टोरेज शोधलं की सगळे व्हिडिओ बर्फाच्या देशातले निघतात. गॅरेजमध्ये हीटर, गाडीखाली गालिचा, ऑक्टोबरमध्ये झाकलेली बाईक थेट एप्रिलमध्ये बाहेर. आपल्या ग्वाल्हेरात असलं काही नाही. बर्फ नाही, पण डिसेंबर-जानेवारीत पारा तीन-चार डिग्रीपर्यंत उतरतो, सकाळी नऊ वाजले तरी कोहरा हटत नाही आणि तरीही दुधाला, शाळेला, ऑफिसला गाडी काढावीच लागते. आणि लष्कर भागातल्या आपल्या मराठी घरांत अजून एक प्रकार असतो, दिवाळी झाली की आई-बाबा घराला कुलूप घालून पुण्याला नाहीतर बंगलोरला मुलाकडे जातात ते संक्रांतीनंतर, कधीकधी तर होळीलाच परत येतात, आणि तोवर स्प्लेंडर देवडीत धूळ खात उभी.

माझं स्पष्ट मत आहे, रोज चालणाऱ्या गाडीचं थंडी फारसं काही बिघडवत नाही, गाडी बिघडते ती उभी राहून. तरी आधी रोजच्या गाडीचं बघू, कारण तीच कामं पुढे गाडी उभी ठेवतानाही लागतात.

सकाळी गाडी स्टार्ट होत नाही

निम्म्या वेळा दोष बॅटरीचा असतो. थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो आणि इंजिनातलं ऑईल घट्ट झालेलं असतं, म्हणजे सेल्फला ताकद जास्त लागते आणि मिळते कमी. तीनशे-चारशे रुपयांत साधा मल्टीमीटर मिळतो तो घ्याच, घरात इतरही दहा कामांना येतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीला लावून बघा, १२.६ व्होल्ट किंवा वर असेल तर बॅटरी चार्ज आहे, १२.४ च्या खाली असेल तर चार्जिंग हवंय, आणि १२ च्या आसपास असेल तर ती जवळजवळ रिकामी आहे. मग गाडी चालू करून जरा रेस देऊन परत बघा, साडेतेरा ते साडेचौदाच्या मध्ये आकडा यायला हवा. तो येत नसेल तर नवी बॅटरी घेऊन काही होणार नाही, चार्जिंगची भानगड आहे, रेग्युलेटर नाहीतर स्टेटर, तिथे मिस्त्रीच लागेल. लोक हे न बघता आधी बॅटरी बदलतात आणि दोन महिन्यांनी नवी बॅटरीपण बसते.

सेल्फचं बटण चार-पाच सेकंदांच्या वर दाबून धरायचं नाही. मध्ये दहा-पंधरा सेकंद थांबायचं, मग परत. कार्बोरेटरवाली जुनी गाडी असेल तर चावी बंद ठेवून दोन-तीन किका हळू मारा म्हणजे ऑईल हलतं, मग चोक पूर्ण ओढा, चावी ऑन, आणि एक्सिलरेटर न देता किक. इथेच लोक चुकतात, चोक ओढून वर एक्सिलरेटरपण पिळतात, मग प्लग ओला होतो आणि अख्खी गल्ली किकेचा आवाज ऐकत चहा पिते. गाडी सुरू झाली की मिनिटाभरात चोक अर्धा आणि मग बंद, विसरलात तर प्लग काळा पडणार आणि ॲव्हरेज मार खाणार.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ गाड्या बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या आहेत, त्यांना चोक नसतो. चावी ऑन केल्यावर टाकीतल्या पंपाचा बारीक आवाज येतो, दोनेक सेकंद चालतो आणि थांबतो, तो थांबला की मगच सेल्फ मारायचा. चावी फिरवली आणि त्याच झटक्यात बटण दाबलं असं करू नका. आणि एक लक्षात ठेवा, अशा बहुतेक गाड्यांमध्ये बॅटरी ठार मेलेली असेल तर किक मारूनही गाडी चालू होत नाही, पंपालाच करंट नसतो. म्हणजे जुन्या स्प्लेंडरवर बॅटरी गेली तरी किकवर जायचे दिवस गेले, आता बॅटरीकडे बघावंच लागतं.

चालू झाल्यावर जागेवर पाच-सात मिनिटं तापवत बसायची गरज नाही. अर्धा-एक मिनिट पुरे, मग पहिले दोन किलोमीटर हळू न्या. थंड इंजिनाला जागेवर फुल रेस देणारे लोक बघितले की मला त्यांच्या पिस्टनची दया येते.

प्लग वर्षातून एकदा तरी काढून बघा. पाना लावायच्या आधी भोवतीची धूळ फुंकून घ्या, नाहीतर ती सगळी सिलेंडरमध्ये जाईल. टोक फिकट तपकिरी असेल तर झकास, काळं काजळीसारखं असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर चोंदलाय, पांढरं फटक असेल तर हवा जास्त होतेय आणि ते जास्त वाईट. परत बसवताना आधी हाताने आटे लावायचे, हाताने जाईल तितका आत नेऊन मगच पाना. हेड ॲल्युमिनियमचं असतं, आटे गेले की खर्चात पडलात.

ऑईल, फिल्टर, हवा

ऑईलच्या डब्यावर जे १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-५० लिहिलेलं असतं त्यात डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला असतो, तो जितका कमी तितकं ऑईल थंड सकाळी लवकर पसरतं. हिरो-होंडाच्या छोट्या गाड्यांना १०डब्ल्यू-३० सांगितलेलं असतं, नव्या बुलेटला १५डब्ल्यू-५०, तुमच्या गाडीचं काय ते मॅन्युअलमध्ये बघा आणि तेच टाका. मिस्त्री म्हणतो, 'भैया मोटा तेल डाल दो, गर्मी में अच्छा रहता है', तर त्याला मे महिन्यात ऐका हवं तर, जानेवारीत नको. आणि कारचं उरलेलं ऑईल बाईकमध्ये कधीच नाही. बाईकचा क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो, कारच्या ऑईलमधली निसरडी द्रव्यं क्लचप्लेटवर बसली की क्लच स्लिप होतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं हवं.

बदलणं काही अवघड नाही. गाडी चार-पाच किलोमीटर फिरवून आणा म्हणजे ऑईल पातळ होतं, मेन स्टँडवर लावा, खाली जुनं तसराळं ठेवा, ऑईल भरायची वरची टोपी आधी उघडा, मग खालचा ड्रेन बोल्ट. स्प्लेंडरला १७ चा पाना लागतो. शेवटचे आटे हाताने सोडवा आणि हात पटकन बाजूला घ्या कारण ऑईल गरम असतं आणि धार सरळ मनगटावर येते. दहा मिनिटं निथळू द्या. बोल्टची वॉशर चपटी झाली असेल तर बदला, पाच-दहा रुपयांची वस्तू आहे आणि तिच्यापायी महिनाभर अंगणात डाग पडत राहतात. लेव्हल बघताना गाडी सरळ उभी हवी, दोन-तीन मिनिटं चालवून बंद करून परत दोन-तीन मिनिटं थांबा आणि मग बघा. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत दांडी पुसून नुसती टेकवायची असते, फिरवून आत बसवायची नाही, नाहीतर लेव्हल आहे त्यापेक्षा जास्त दिसते. पल्सर-बुलेटला बाजूला काच असते, काम सोपं. जुनं ऑईल नाल्यात ओतू नका, स्वर्णरेखा नदीत आधीच काय कमी घाण आहे. बाटलीत भरून मिस्त्रीकडे द्या, त्याचा ड्रम असतो.

एअर फिल्टर. ग्वाल्हेरात हा विषय मोठा आहे कारण एप्रिलपासून राजस्थानच्या बाजूने येणारी धूळ सगळी फिल्टरमध्ये जाऊन बसते, पावसाळ्यात ती ओलावते आणि थंडीत गाडी अडखळायला लागते तेव्हा आपण कार्बोरेटरला शिव्या देतो. फोमचा फिल्टर असेल तर रॉकेलमध्ये धुवा, पिळू नका, नुसता दाबून काढा, वाळवा, मग थोडं इंजिन ऑईल लावून परत दाबा. कोरडा कागदाचा असेल तर आतून बाहेर हवा मारायची, बाहेरून आत नाही. आणि कागदावरच तेलकट थर दिलेला असेल, आजकाल बऱ्याच गाड्यांत तसाच येतो, तर तो साफ करायचा नसतोच, बदलायचा. सर्व्हिस बुकात जे किलोमीटर दिलेत त्याच्या आधीच बदला, ती पुस्तकं लू चालणाऱ्या गावासाठी लिहिलेली नसतात.

टायरची हवा ऑक्टोबरात भरली आणि विसरलात तर थंडीत ती आपोआप कमी होते. दुपारी ३३ डिग्रीत मागच्या चाकात २८ पीएसआय भरली असेल तर जानेवारीच्या सकाळी ५ डिग्रीत चारेक पीएसआय नुसत्या थंडीने गेली, पंक्चर नको की काही नको. गाडी जड वाटते, ओल्या रस्त्यावर वळताना डुलते. पंधरा दिवसांतून एकदा, टायर थंड असताना भरा. नायट्रोजनवाला म्हणेल आमची कमी होत नाही, तर थंडीने नायट्रोजनही तेवढाच आकसतो, पैसे वाचवा.

चेन

चेनवर जरा जास्त वेळ घालवतो, कारण ग्वाल्हेरात जितक्या गाड्या कर्रकर्र करत जाताना ऐकतो तितक्या दुसरीकडे ऐकल्या नाहीत. धूळ आणि जुनं ग्रीस मिळून जे काळं मलम तयार होतं ते चेनला आतून घासत राहतं, वरून कितीही तेल सोडा.

गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. इंजिन चालू करून गिअरमध्ये चाक फिरवत फडकं धरणारे लोक आहेत, त्यातल्या कुणाचं बोट कधी चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये गेलं तर ते परत येत नाही, हे अजिबात करायचं नाही. चाक हाताने फिरवा. जुन्या टूथब्रशला रॉकेल लावून एकेक कडी घासा, आतली बाजूपण. रॉकेल आजकाल मिळत नाही अशी तक्रार असते, मग चेन क्लीनरचा स्प्रे घ्या. पेट्रोल मात्र नको, पल्सर-केटीएम-बुलेटच्या चेनमध्ये बारीक रबरी रिंगा असतात त्या पेट्रोलने खराब होतात, तारेच्या ब्रशनेपण. पुसून कोरडी झाली की खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला ९० नंबरचं गिअर ऑईल थेंब थेंब सोडत चाक उलटं फिरवा, अर्धा तास तसंच ठेवा आणि मग बाहेरचं सगळं पुसून टाका. पुसायचा लोकांना जीव होत नाही, वाटतं तेल वाया चाललं, पण बाहेरच्या तेलाचा उपयोग धूळ गोळा करण्यापलीकडे काही नाही. डब्ल्यूडी-४० हे चेनचं तेल नव्हे, त्याने गंज सुटतो आणि साफ होतं, पण ते टिकत नाही.

स्प्लेंडरसारख्या बंद चेनकव्हरला खाली एक रबरी बूच असतं, ते काढून बोटाने चेन वर-खाली करून बघा, २०-३० मिलिमीटर हलली पाहिजे. चाक थोडं थोडं फिरवून तीन-चार जागी मोजा, एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी ढिली असेल तर चेन असमान ताणली गेलीय आणि ॲडजस्ट करून काही होणार नाही. ॲडजस्ट करताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा, नाहीतर चाक तिरकं बसतं. आणि चेन ताणल्यावर मागचा ड्रम ब्रेकही बदलतो, तो परत सेट केल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. चेन बदलायची वेळ आली की दोन्ही स्प्रॉकेटसकट पूर्ण सेट बदला. जुन्या दात्यांवर नवी चेन टाकून पैसे वाचत नाहीत.

कोहऱ्यासाठी खर्च करायचाच तर

ग्वाल्हेरच्या थंडीतल्या व्यापार मेळ्यात गेलं की ॲक्सेसरीजच्या स्टॉलवर पोरं सगळ्यात आधी सायलेन्सर बघतात. फटाके फोडणारा सायलेन्सर लावलात तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या गाडीत असला बदल चालत नाही, दंड आहेच, आणि बीएस६ गाडीत तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि बऱ्याचदा ऑक्सिजन सेन्सरपण सायलेन्सरकडेच असतो, तो प्रकार हलला की इंजेक्शनचं गणितच चुकतं. तेच पैसे लाईट आणि टायरमध्ये घाला.

लाईट म्हणजे आधी आहे तोच नीट करा. काच आतून-बाहेरून पुसा, आणि संध्याकाळी गाडी भिंतीपासून पाचेक मीटरवर उभी करून वर बसा, लो बीमची वरची कड हेडलाईटच्या उंचीपेक्षा जराशी खाली पडायला हवी. बऱ्याच गाड्यांचे हेडलाईट आकाशात बघत असतात, कोहऱ्यात तो उजेड पांढऱ्या भिंतीवर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. त्याच कारणाने कोहऱ्यात हाय बीम नको. ३५/३५ वॅटचा बल्ब असलेल्या गाडीत ६०/५५ चा घालू नका, होल्डर वितळतो आणि छोट्या गाडीचं चार्जिंग तेवढं पुरवत नाही. हॅलोजनच्या भांड्यात बसवायचे स्वस्त एलईडी बल्बही मला पटत नाहीत, उजेड खूप वाटतो पण नुसता सगळीकडे पसरतो. वेगळे फॉग लाईट लावायचेच असतील तर खाली, लेगगार्डवर, रिले आणि फ्यूज घालून, हेडलाईटची वायर कापून जोड मारून नाही.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे रेडियमची पट्टी. मागच्या मडगार्डवर लाल, बाजूला पिवळी, हेल्मेटच्या मागेही एक. मुरैन्याकडे नाहीतर झाशीकडे सकाळी हायवेने जाणाऱ्यांनी तर लावाच, मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तुमचा टेललाईट दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. चालत्या गाडीवर चारही इंडिकेटर लावू नका, मग वळताना मागच्याला काही कळत नाही.

हँडलचे ते रेक्झिनचे, आत केसाळ अस्तर असलेले कव्हर मिळतात ना, दिसायला भयंकर, पण हाताला त्याच्याइतकं ऊबदार काही नाही. बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून एक्सिलरेटर सोडून बघा, तो झटकन परत आला पाहिजे. कव्हरची कड त्यात अडकली तर गाडी सुटते. क्लच आणि ब्रेकची दांडीपण पूर्ण दाबून बघा. हे दुकानदारासमोरच करा, सरळ घरी घेऊन येऊ नका. गरम होणारी ग्रिप छोट्या गाडीला नको, बॅटरीवर भार पडतो.

टायर घासले असतील तर थंडीच्या आधी बदला. खाचेत बारीक उंचवटे असतात, टायर त्यांच्या बरोबरीला आला की संपला. बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, ३५२२ असेल तर २०२२ च्या ३५ व्या आठवड्यातला टायर, दुकानात नवा म्हणून फार जुना माल देत नाहीत ना ते यावरून कळतं. आणि तारेच्या रिमवर ट्यूबलेस टायर चढवला म्हणजे गाडी ट्यूबलेस झाली असं होत नाही, तारांच्या भोकांतून हवा जाणार, आत ट्यूब लागणारच.

आता घराला कुलूप लावून जायचंय

पेट्रोल. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. टाकी अर्धी रिकामी असेल तर थंडीत रात्री गार आणि दुपारी ऊन असं होऊन आत दव जमतं, पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतं, आणि इंजिनाकडे जाणारं पेट्रोल खालूनच जातं. शिवाय टाकीला आतून गंज. म्हणून जायच्या आदल्या दिवशी टाकी भरून घ्या, अगदी गळ्यापर्यंत नको, जाळीच्या खालपर्यंत. लोक उलटं करतात, चोरी होईल म्हणून रिकामी करून जातात. कार्बोरेटरवाल्या गाडीचा टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करा आणि कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचा छोटा स्क्रू ढिला करून वाटी रिकामी करा, किंवा कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. वाटीत राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर उरतो, तोच जेटच्या केसाएवढ्या भोकात बसतो. इंजेक्शनवाल्या गाडीला यातलं काही नाही, फक्त टाकी भरलेली ठेवा.

ऑईल बदलायला झालंच असेल तर जायच्या आधी बदला, आल्यावर नाही. वापरलेल्या ऑईलमध्ये आम्ल आणि पाणी असतं, ते तीन महिने इंजिनात कशाला ठेवायचं. चार महिन्यांच्या वर जाणार असाल तर प्लग काढून भोकातून चमचाभर इंजिन ऑईल सोडा, चावी बंद ठेवून चार-पाच किका मारा, प्लग परत बसवा. दोन महिन्यांसाठी एवढं करायची गरज नाही.

बॅटरी काढून घरात ठेवा. आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. उलटं केलंत आणि पाना पॉझिटिव्हवर असताना चेसिसला लागला तर ठिणगी. बसवताना आधी पॉझिटिव्ह. काढता येत नसेल तर निदान निगेटिव्हची वायर सोडून तिला टेप लावा, घड्याळ-अलार्म-जीपीएस थोडं थोडं करंट खातच असतात. जायच्या आधी पूर्ण चार्ज करा, पण छोट्या चार्जरने. ५ एएचच्या बॅटरीला अर्धा ॲम्पियर पुरतो, कारच्या बॅटरीच्या चार्जरवर लावली तर ती उकळते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, शेजारच्या पोराला चावी देऊन 'आठवड्यातून एकदा पाच मिनिटं स्टार्ट करत जा रे' हे सांगणं बंद करा. पाच मिनिटं जागेवर चालू ठेवून बॅटरी चार्ज होत नाही, सेल्फने जेवढं खाल्लं तेवढंही भरून येत नाही. इंजिन पुरतं तापत नाही, पेट्रोल जळून जे पाणी होतं ते सायलेन्सरमध्ये आणि ऑईलमध्येच राहतं, सायलेन्सर आतून सडतो. एकतर त्याला सांगा की पंधरा दिवसांनी दहा-बारा किलोमीटर फिरवून आण, किल्ल्याला चक्कर मारून ये हवं तर, (लायसन्स आहे का ते आधी बघा), नाहीतर हातच लावू नको. मधलं काही नको.

गाडी धुवा आणि पूर्ण वाळू द्या, मग चेनला तेल. मेन स्टँडवर लावा, जुन्या वाड्यांत फरशी ओल धरते म्हणून चाकाखाली प्लायचा तुकडा घाला. हवा नेहमीपेक्षा दोन-तीन पीएसआय जास्त, टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आत. मेन स्टँड नसलेल्या गाडीचं चाक महिन्याला थोडं पुढे सरकवायला सांगा, हे काम शेजारच्या पोराला द्यायला हरकत नाही. झाकायला जुनी सुती चादर उत्तम, प्लास्टिकची ताडपत्री नको, खाली दमटपणा कोंडतो आणि क्रोमवर ठिपके येतात. इंजिन थंड झाल्यावरच झाका. इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी उभी करू नका, तिच्या वाफेने धातू खराब होतो.

उंदीर! दाल बाजाराच्या आसपास राहणाऱ्यांना सांगायला नको. सीटखाली आणि बॅटरीच्या रिकाम्या जागेत डांबराच्या गोळ्या ठेवा, गाडीशेजारी धान्याचं पोतं नको. सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा घाला, कुंभारीण माशी आत मातीचं घर करते, आणि त्या बोळ्याला एक लांब लाल चिंधी बांधून ती हँडलपर्यंत आणा म्हणजे आल्यावर काढायचं विसरणार नाही.

कागदपत्रं बघून जा. मेळ्यात ज्या वर्षी रोड टॅक्सची सूट मिळते त्या वर्षी इथले लोक गाडी तेव्हाच घेतात, म्हणजे विमा संपायची तारीखही बरोबर जानेवारी-फेब्रुवारीत, तुम्ही पुण्यात असताना. नव्या गाडीला थर्ड पार्टी पाच वर्षांचा असतो पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा आणि चोरीचा भाग बहुतेक वर्षाचाच. तो संपून नव्वद दिवस उलटले की नो क्लेम बोनसही जातो. ऑनलाईन भरता येतो, फोनमध्ये रिमाइंडर लावा.

परत आल्यावर

आल्या आल्या सेल्फ मारू नका, आधी बोळा काढा. मग बॅटरी चार्ज करून बसवा, हवा भरा, सीट उघडून वायरी कुरतडल्यात का बघा, खाली फरशीवर ऑईल किंवा पेट्रोलचा डाग आहे का बघा. कॉक उघडून दोन मिनिटं थांबा म्हणजे वाटी भरेल. ऑईल खाली बसलेलं असतं म्हणून चावी बंद ठेवून पाच-सहा किका, मग स्टार्ट. पहिल्यांदा थोडा पांढरा धूर येईल, ती वाफ असते, सिलेंडरमध्ये ऑईल सोडलं असेल तर जरा निळसरही येईल आणि थांबेल. इंजेक्शनवाली दोन-तीन वेळा चावी ऑन-ऑफ करून पंपाला प्रेशर करू द्या.

क्लच दाबून गिअर टाकला आणि गाडी झटका देऊन बंद पडली तर क्लचप्लेटा चिकटल्यात. न्यूट्रलमध्ये इंजिन गरम होऊ द्या, मग मेन स्टँडवर, मागचं चाक अधांतरी ठेवून क्लच दाबून गिअर टाका आणि मागचा ब्रेक हलकेच दाबा, बहुतेक वेळा सुटतात. ड्रम ब्रेकच्या आत गंजाचा पातळ थर येतो, पहिल्या दोन-चार वेळा ब्रेक एकदम पकडतो, म्हणून गल्लीतच हळू चालवत दोन्ही ब्रेक दाबून बघा. डिस्क असेल तर दांडी हाताला मऊ, स्पंजसारखी लागतेय का बघा, तसं असेल तर ब्रेक ऑईल बदलायला झालंय, ते दोन वर्षांनी बदलायचंच असतं. ब्रेक ऑईल टाकीच्या रंगावर सांडू देऊ नका, रंग उचलतो.

पहिली चक्कर घराजवळच मारा, पाचेक किलोमीटर, आणि परत आल्यावर चेन आणि ऑईलची लेव्हल अजून एकदा बघा, प्रदूषणाचं सर्टिफिकेट संपलं असेल तर त्याच फेरीत पंपावर करून घ्या, टाकीतही थोडं ताजं पेट्रोल पडेल.